सैल सोडलेला अर्धा इंच

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही, आज पूर्ण शुद्धीवर आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही, उलट सगळे नको म्हणत होते. डोळ्यांना बारीक दिसत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि माझी भाची लिहिते आहे. बरंचसं तिलाच जाणार, म्हणून तिला साक्षीदार केलेलं नाही.

१. पहिल्या मजल्यावरची शिवणाची खोली, पायाने चालणारं मशीन, मोठी कात्री आणि बँकेत असेल ती शिल्लक भाचीला. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. कापलास तर असेन तिथून उठून येईन.

२. धाकट्या भावाला भिंतीवरचा आरसा. थोरल्या बहिणीच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नाही. त्यात रोज तोंड पाहावं, एवढीच इच्छा.

३. मापांची वही जाळून टाकावी. चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांची अंगं माझ्या बोटांखालून गेली. कुठे गाठ असली तर कित्येकदा त्यांच्या आधी मला कळायचं. मी आडपडदा न ठेवता सांगायचे, डॉक्टरला दाखवा म्हणून. एकीला मात्र सांगितलं नाही.

४. ती माझी थोरली बहीण, भाचीची आई. माप घेताना डाव्या काखेपाशी माझा टेप अडला. वाटाण्याएवढी गाठ होती. मी थांबले तशी तीच म्हणाली, "दुखत नाही गं. मग कशाला उगाच खर्चात पडायचं?" मला तेच ऐकायचं होतं. मी तिथली शिवण उसवली, अर्धा इंच सैल सोडली आणि गप्प बसले. ब्लाऊज छान बसला. पुढे तो आणखी दोनदा सैल केला. ती डॉक्टरकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता. हा गुन्हा माझा, तो कोणाच्याही नावे करता येत नाही.

५. खिडकीजवळचा पुतळा तिच्या मापाचा, कापूस भरून मीच केलेला. त्याच्या अंगात तिचा शेवटचा ब्लाऊज आहे. चार महिन्यांपूर्वी तो डाव्या काखेत घट्ट होऊ लागला. खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे असते. मी पुतळा उसवून पाहिला, आत नुसता मऊ कापूस. पुन्हा शिवला. आठवड्याभरात बोटांना तिथेच काहीतरी टणक लागलं. असं तीनदा झालं. लोक वेडी म्हणतील म्हणून बोलले नाही. चौथ्या वेळी सुई बाजूला ठेवली आणि स्वतःच्या काखेत हात घातला. होती, वाटाण्याएवढीच. मी काय केलं? माझ्या ब्लाऊजची शिवण उसवली.

६. शेजारच्या परिचारिकेला मी माझ्या गाठीचं बोलून गेले तेव्हा तिने मला झापलं. "मावशी, दुखत नाही म्हणून थांबायचं नसतं. बुधवारी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या पैशात तपासतात. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते डॉक्टरला ठरवू द्या." मी बरं म्हणाले आणि दोन बुधवार घालवले. तिसरा आज आहे. खरं सांगायचं तर आजही मी गेले नसते.

७. परवा भाचीचं माप घेताना टेप डाव्या काखेपाशी अडला. मी म्हणाले, झालं, हात खाली घे. नंतर वही पाहिली, तर माझ्या हाताने अर्धा इंच वाढवून लिहिलं होतं.

इथे तिचं पेन थांबलं आहे. लिही, पोरी. तुझ्या आईला सांगायला हवं होतं ते तुला सांगते आहे. तुझ्या काखेत गाठ आहे. ती कसली हे मला माहीत नाही आणि मला फार भीती वाटते आहे. आज दवाखान्यात पहिला नंबर तुझा, दुसरा माझा.

८. वरचं कलम लिहून झाल्यावर मी उठून पुतळ्याला हात लावला. डावी काख मऊ लागली. ब्लाऊज तिथे सैल लोंबतो आहे. तो तसाच राहू द्यावा.

स्थळ: शिवणाची खोली
दिनांक: महिन्याचा तिसरा बुधवार, सकाळी सव्वाआठ
सही: शिंपीण
साक्षीदार: १. शेजारची परिचारिका २. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला (दोघंही दवाखान्यात सोबत येत आहेत)
लेखन: भाची. सातव्या कलमापासून अक्षर हललं आहे, पण ते माझंच आहे.