ठकी हल्ली कुरकुरत नाही

ता. ६ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला होता, पण फोनवाल्यांनी हल्ली आवाज फारच कमी केला आहे, तेव्हा पत्रच बरं. तू ठकीच्या सर्व्हिसिंगबद्दल विचारत असावास. तुला दुसरा विषय नसतो. दातांच्या डॉक्टरांकडून ही जुनी गाडी घेतली तेव्हापासून तू कॅलेंडर घेऊन माझ्या मागे लागला आहेस. इतके महिने झाले, इतके किलोमीटर झाले, आता तेल बदल, आता ब्रेक दाखव. दिवसभर कानाच्या दवाखान्यात लोकांना श्रवणयंत्रं बसवतोस, त्यामुळे तुला जगात सगळंच बिघडलेलं दिसतं. अरे, यंत्राला दुखलंखुपलं की ते आधी कुरकुरतं. ज्याला कान आहेत त्याला तारखा लागत नाहीत. टायपिंगच्या क्लासात मी वर्गाकडे पाठ करून सांगायचे की तिसऱ्या रांगेतल्या यंत्राला तेल हवंय, हे विसरलास वाटतं.

तर ठकी हल्ली अजिबात कुरकुरत नाही. पूर्वी ब्रेक दाबला की जरा चिरकायची, तेही गेलं. वर्षभरात दिवसेंदिवस शांतच होत चालली आहे. वयानुसार माणसं शांत होतात, गाड्याही होत असतील. सर्व्हिसिंगची गरज नाही.

तुझ्या लेकीचं मात्र काही खरं नाही. कॉलेजसाठी माझ्याकडे ठेवलीस तेव्हा बडबडी हे नाव तिला शोभायचं. आता नुसते ओठ हलवते. बाहेर पडताना 'येते' एवढंसुद्धा म्हणत नाही. बघावं तर दार लागलेलं आणि पोरगी गायब. मी रागावत नाही, पण वाईट वाटतं. आत्याचा कंटाळा आला असेल तर तिने सरळ सांगावं.

सौ. वहिनीस आशीर्वाद. कळावे, आहे तो लोभ आटू देऊ नये.

तुझी,
ताई


ता. १० जून

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

आत्याचं पत्र आलं. ठकी शांत झाली आहे असं ती लिहिते. तू अधूनमधून त्या गाडीतून जातेस, तेव्हा खरं काय ते कळव. तुझ्याबद्दलही एक तक्रार आहे, ती मागाहून बघू. हे पत्र आत्याच्या हाती पडू देऊ नकोस. अभ्यास चालला असेल असं समजतो.

तुझे,
बाबा


ता. १५ जून

ती. बाबांस,
बडबडीचा सा. न. वि. वि.

ठकी शांत झालेली नाही. ती कोपऱ्यावर वळली की आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळतं. ब्रेक दाबला की असा चीत्कार होतो की खालच्या न्हाव्याचा वस्तरा जागच्या जागी थांबतो. त्याने आता नियमच केला आहे: आत्याची यायची वेळ झाली की दाढी नाही, फक्त केस. मी आत्याला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस.

परवा आत्या मला कॉलेजला सोडत होती. वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. बिचारा केव्हाचा घंटी वाजवत होता आणि आत्या आपली वळतच होती. मी हँडब्रेक ओढला. त्याच्या चाकात आणि आमच्या बंपरमध्ये वीतभर जागा राहिली. आत्याने काच खाली करून त्याला सायकलला घंटी बसवून घ्यायला सांगितलं. तो तिला घंटी वाजवूनच दाखवत होता.

बाबा, मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. मला हसू आलं नाही. गाडी काढून घेतली तर आत्या घरात बसून वाळून जाईल, आणि नाही काढून घेतली तर पुढच्या वेळी मी शेजारी नसेन. तुम्हीच काही तरी करा. ती तुमच्यावर ओरडते, पण तुमचं मानते.

माझ्याबद्दल कसली तक्रार? मी भांडीसुद्धा घासते.

तुमची,
बडबडी


ता. २० जून

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं मला पटलं. यंत्र आधी कुरकुरतं. पण कुरकुर ऐकू आली नाही तर दोष गाडीच्या गप्प बसण्यात असेल किंवा ऐकणाऱ्यात असेल. ऐकणाऱ्यांवर माझं पोट चालतं, म्हणून मला ते आधी सुचतं.

ताई, बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. ब्रेकचं चिरकणं, सायकलची घंटी, पोरीबाळींचं बोलणं. इंजिनाची घरघर ऐकू येत राहते, त्यामुळे आपलं काही हरवलं आहे असं वाटतच नाही. वाटतं की लोकच पुटपुटायला लागले. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसता बसता हेच सांगतो.

राग आला तर येऊ दे. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. मी बाहेरच्या खोलीत पाढा चुकलो की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस. त्या कानांना मी अजून भितो, आणि आज त्यांच्याचसाठी भीती वाटते. सायकलवाल्याचं मला कळलं आहे. पोरीवर डाफरू नकोस, मीच विचारलं होतं.

एक कर. रविवारी बडबडीला ठकी आवारात अगदी हळू आणून थांबवायला सांग. तू फाटकाशी पाठमोरी उभी राहा, क्लासात राहायचीस तशी, आणि ब्रेक चिरकला की हात वर कर. हात वर गेला तर मी कॅलेंडर फाडून टाकीन आणि सर्व्हिसिंगचं नाव काढणार नाही.

कळावे. ओरडलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझा,
धाकटा


ता. २७ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या वेळी 'अनेक' नाहीत.

ताईला बहिरी म्हणायला एवढा कागद खर्च केलास. असो. तू सांगितलंस तसं केलं.

फाटकाशी पाठमोरी उभी राहिले. ठकी येताना कळली, मग थांबलेलीही कळली. कार्टीने ब्रेक न लावता गाडी कशी थांबवली हे विचारायला मी वळले. वॉचमनने दोन्ही कानांत बोटं घातली होती. वरच्या गॅलरीत एक बाई तान्ह्या बाळाचे कान झाकून उभी होती. न्हावी दुकानाबाहेर आला होता, गिऱ्हाइकासकट. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझा हात खालीच होता.

वर येऊन मी रडले. तुझ्यापासून काय लपवायचं?

उद्या ठकीला मेकॅनिककडे टाकते आणि बसने तुझ्याकडे येते. दवाखान्यात माझी ओळख करून देऊ नकोस, रांगेत चारचौघांसारखी बसेन.

ताई


ता. २५ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, मागच्या खेपेचे राहिलेलेही धरून.

यंत्रं कानात आहेत. जग फारच कर्कश आहे. फ्रिज दिवसभर बोलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ठकी बरी होऊन आली. मेकॅनिक म्हणाला, ब्रेकला एक पत्र्याची जीभ असते. ब्रेक झिजला की ती मुद्दाम चिरकते, चालवणाऱ्याला कळावं म्हणून. म्हणजे ठकी वर्षभर सांगत होती. यंत्र आधी कुरकुरतं हे माझं म्हणणं खरंच ठरलं, याची नोंद घे. मेकॅनिकचं म्हणणं, त्यानेही मला हवा भरताना दोनदा ब्रेक बदलायला सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी हसून 'तुमचीच कृपा' म्हणाले होते. तुझं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलं आहे. त्यात ठकीची तारीख लाल केली आणि माझी निळी.

आता मुद्द्याचं. काल सकाळी भाजी चिरत होते. दाराकडून बडबडीचा आवाज आला, आत्या येते गं म्हणून. चांगला मोठ्याने, रोजच्या सवयीचा. मी सुरी खाली ठेवली. मग म्हटलं, ये.

जिन्यावरची पावलं थांबली. पोरगी परत वर आली. म्हणाली की ती रोजच सांगून जाते, उत्तर आज पहिल्यांदा मिळालं. तिला वाटत होतं की मला तिचा कंटाळा आला आहे.

तिच्याबद्दल तुला जे लिहिलं ते सगळं मागे घेते.

या गडबडीत तिला उशीर झाला, म्हणून मीच ठकीतून सोडायला गेले. वाटेत ती इतकी बोलली, इतकी बोलली, की कोपऱ्यावर यंत्रं बंद करावीत असं माझ्या मनात आलं. केली नाहीत.

कळावे. लोभ आहेच, आता ऐकूही येतो.

तुझी,
ताई