गाडी जुन्या घरी गेली

ता. ९
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
अण्णा अतिदक्षता विभागात आहेत, शुद्धीवर आहेत. आता धीर धरून पुढचं वाच. इथे फोनला बंदी, शिवाय तुझा आवाज ऐकला तर मला रडूच फुटेल, म्हणून लिहिते.

परवा जेवता जेवता त्यांनी छाती धरली. मी घरातल्या इंटरनेटच्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती. माझा एक शब्द पोचायचा, दोन गळायचे. मी घसा फोडून ओरडले. शेवटी ती म्हणाली, पत्ता पडद्यावर दिसतोय, गाडी निघाली. मी दारात, गाडी काही येईना. ती गेली होती आपल्या जुन्या घरी!

तिथल्या नव्या भाडेकरूबाई अण्णांचं टपाल आपल्याकडे पाठवतात, म्हणून त्यांना पत्ता पाठ. तान्ह्याला कडेवर घेऊन त्या गाडीतच चढल्या, वाट दाखवत आल्या, दवाखान्यापर्यंत सोबत राहिल्या.

डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. तू फोन कंपनीत आहेस ना, मग सांग, माझे शब्द गिळले कुणी? सापडला तर कान उपटीन.
तुझी,
ताई

ता. १२
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी तिकीट काढलं. जुन्या फोनची तार भिंतीत होती. तार जिथे, पत्ता तिथे. हा फोन आवाजाचे बारीक तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी सोडतो. पलीकडे ते ओळीने जुळतात. ज्याला उशीर झाला, तो टाकून देतात, कारण बोलणं कुणासाठी थांबत नाही. तुझे शब्द असे पडले. आणि नंबर फोन जोडलेल्या इंटरनेटच्या डबीबरोबर फिरतो. ती कुठे नेली, हे कुणी कळवल्याशिवाय कंपनीला कळत नाही. घर बदललं तेव्हा ते कळवायचं राहिलं, म्हणून पडद्यावर जुनाच पत्ता. आज नवा नोंदवून घेतला. पण वीज गेली की ती डबी मुकी, तेव्हा मोबाइल हाताशी ठेव.

शनिवारी पोचतो. तोवर अण्णांना सोडू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. १८
बाळाच्या आईस,
स. न. वि. वि.
अण्णा काल घरी आले. धाकटा उशाशी बसून आहे. गाडीतलं काही आठवतं का, असं त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, “अंधारच होता रे. पण एक तान्हं मूल सारखं रडत होतं. म्हटलं, वर कुठलं आलंय तान्हं मूल? म्हणजे मी अजून इथेच आहे.”

त्या रडणाऱ्याला एकदा मांडीवर घ्यायचं म्हणतात. लोभ जडलाच आहे, आता येणंजाणं असू द्या.
आपली,
अण्णांची मुलगी