कावाकावा एकदा थंडीतून निघाले की

शुक्रवार, ३ जून १९८८, संध्याकाळी पावणेसहा.
कावाकावाच्या रोपावर चादर घालून आत्ताच आत आलो. रोप आजीच्या ओढ्याकाठचे, उत्तरेकडच्या आमच्या ओपोटिकी गावचे. तिकडे ते झाडीत कोणाला न विचारता वाढते. इथे माताऊरात, न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, जूनच्या हिवाळ्यात सकाळी गवतसुद्धा पांढरे आणि कडक होते. मटणाच्या कारखान्यात एका हंगामासाठी आलो होतो, हा चौथा. यंदा हंगाम संपला की मैत्रीण रिपेकाबरोबर कायमचे गावी जायचे. आजी ओढ्यालगतचे घर आम्हा दोघांना देणार आहे. निश्चय पक्का. म्हणून पेनाने लिहीत आहे.

मंगळवार, १४ जून.
कारखान्याच्या पॅकिंगमध्ये रिपेकाच्या बोटाला सुरी लागली. उकळून त्या पाण्याने जखम धुवायला पाने मागत होती. रोप जेमतेम गुडघ्याएवढे. दिली नाहीत, पट्टी दिली. पानांना एकही भोक नाही, हे मात्र दाखवले. अळ्या मी चिमट्याने वेचतो. म्हणाली, "केपा, आपल्याकडे अळीनं चाळण केलेलं पान आधी तोडतात. चांगलं कुठलं ते तिला कळतं. तुझी पानं बघून तिला वाटत असेल, प्लॅस्टिकची आहेत." रिपेकाला बागकामातले कळत नाही.

शनिवार, २५ जून.
हंगाम संपला. गावाकडे किवीच्या वेलींची छाटणी सुरू आहे, दोघांनाही काम आहे. दोन जुलैला तिच्या भावाच्या व्हॅनमधून निघायचे. बॅग भरली. घरमालकीण मिसेस डनेट यांना विचारले, मी गेल्यावर रोज संध्याकाळी रोप झाकाल का. म्हणाल्या, "बाळा, मला माझे गुडघे झाकायला होत नाही." मग म्हणाल्या, सोबत घेऊन जा की. मी म्हणालो, तिथे आधीच खूप आहेत. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वयामुळे होते तसे.

शनिवार, २ जुलै, सकाळी साडेआठ.
व्हॅन गेली. रेडिओने तीन रात्री कडाक्याच्या सांगितल्या होत्या. खणून न्यावे तर मुळे दुखावतात. रिपेकाला सगळे समजावून सांगितले. म्हणाली, "गावाची आठवण म्हणून झाड लावलंस, आता झाडासाठी गाव सोडतोस. आजीला काय सांगू, रोपाला बरं नाही?" वसंत लागला की निघतो, असे मी म्हणालो. तिने व्हॅनचे दार ओढून घेतले. पटले असावे.

गुरुवार, २१ जुलै.
काम नाही. चादर संध्याकाळी पाचला घालायची, सकाळी नऊला काढायची, त्यामुळे लांब कुठे जाता येत नाही. रोपाभोवती चौकट ठोकून प्लॅस्टिकची खोली केली. आत उभा राहून पाहिले. ऊब चांगली आहे. माझ्या खोलीपेक्षा बरी. खालची पाने पिवळी पडत आहेत, पण ती बहुधा जुनी असावीत. रिपेकाचा फोन येऊन गेला. मी चादर घालत होतो.

सोमवार, ८ ऑगस्ट.
काल मिसेस डनेट यांचा वाढदिवस. बिअर घेतली, झोप लागली. चादर राहिली. सकाळी पाने काळी, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी. खोडही मऊ. रिपेकाला फोन केला. म्हणाली, "वाईट झालं. मग आता ये." मागून आजी विचारत होती, "निघाला का तो?" मी म्हणालो, निघालोच. फक्त असे अर्धवट टाकून येणे बरे दिसत नाही. ओढ्याकाठचे एक कलम पोस्टाने पाठव. या वेळी चुका माहीत आहेत.

गुरुवार, १५ सप्टेंबर.
पार्सल आले. आत कलम नाही. माझ्या नावाचे ओपोटिकीपर्यंतचे बसचे तिकीट, उद्या सकाळी सात दहाचे, फक्त जाण्याचे. सोबत चिठ्ठी: "आजी रोज गेटापर्यंत जाऊन बघून येते. या बसला मी घ्यायला येईन. पुढच्या कुठल्याच बसला येणार नाही." अक्षर घाईचे वाटते.

शुक्रवार, १६ सप्टेंबर, सकाळी सात पंचवीस.
भिंतीच्या उबेला नवा खड्डा खणून ठेवला. जागा आधीच्यापेक्षा चांगली. खणताना बस गेल्याचा आवाज आला, वेळेवर होती. आत येऊन रिपेकाला पत्र लिहिले: तिकीट पोहोचले, आभार. कलम टाकायला विसरलीस.