वाररेषेच्या अलीकडे

९ मार्च

कोंडलं! अक्षरशः कोंडलं. जहाजावर नऊशे माणसं, त्यातली चाळीस तापाने आडवी, आणि म्हणे साथ पसरू नये म्हणून आजाऱ्याने केबिनबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याच्या सोबत्यानेही नाही. माझी सोबत म्हणजे वन्सं. नणंद म्हणून चाळीस वर्षं लांबूनच गोड होत्या! आता दोघींना मिळून अकरा पावलांची खोली. मोजली मी.

ताप १०२. डोकं ठणकतंय. तरी लिहिणार.

१० मार्च

डॉक्टर आला. काल मिसरूड फुटलेला. "आजी, कसं वाटतंय?"

आजी! म्हटलं, "चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय. बाई म्हणायचं."

वरमला. पण नियम ऐकवलाच. १६ तारखेला बंदर. १५ ला ज्याचा ताप १०१च्या वर, त्याला तिथल्या इस्पितळात उतरवणार. पुढे नऊ दिवस नुसतं पाणी, धोका नको.

उतरवणार? मला? आणि १८ ला वाररेषा आहे त्याचं काय?

चौतीस वर्षं ती वाकडी रेघ फळ्यावर ओढली. "पूर्वेकडे जाताना ही ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते." एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्ही ओलांडलीय?" वर्ग हसला. मीही हसले. पण ते कुसळ रुतलं ते रुतलंच. त्यासाठीच हा तीन महिन्यांच्या सफरीचा खटाटोप. या वहीत १८ मार्च दोनदा लिहायचा आहे. हक्काने!

११ मार्च

उपाय सापडला. शाळेच्या वसतिगृहात आम्ही गरम चहाने चूळ भरून थर्मामीटर चढवायचो आणि पहाटेची प्रार्थना चुकवायचो. मग उतरवता का येणार नाही? मोरीत कपाळावरच्या पट्ट्यांसाठी बर्फाची बादली असते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, केबिनवाली बाई दार ठोठावते. त्याआधी दहा मिनिटं तोंडात बर्फ. ती दारात उभी राहून स्वतः आकडा वाचते आणि दोघींच्या कार्डांवर लिहिते.

आज ९९.६! दात बधिर, पण ९९.६.

हे खोटं नव्हे. वसतिगृहातल्या सिस्टर म्हणायच्या, तोंडून गेलेलं खोटं देव एखादवेळी विसरेल, कागदावरचं नाही. कागदावर मी जन्मात खोटं लिहिलेलं नाही. एकाही नापासाला पास केलं नाही. बर्फ चघळणं म्हणजे लिहिणं नव्हे.

१२ मार्च

९९.४. डॉक्टर खूश. मूर्ख!

१३ मार्च

बर्फ कमी! सकाळी भरलेली बादली सहाच्या आत अर्धी. केबिनवालीला झापलं. ती म्हणते, "बाई, मी काठोकाठ भरते, शपथ." मग काय समुद्र पितो?

वन्सं दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. कोंडलेल्या माणसाने दुसरं करायचं काय, म्हणा. त्यांचा आकडा रोज ९८. लोखंडाच्या आहेत. मी वाररेषेचं बोलले तर म्हणाल्या, "वहिनी, रेघच बघायची होती तर एवढं लांब कशाला? घरी फळा होता की."

मी ताडकन उठून ताटं आवरायला घेतली. त्यांचं सूप तसंच राहिलं होतं, तेही मीच प्यायले. अन्न टाकायचं नसतं.

१४ मार्च

बर्फ न घेता माझा मीच ताप पाहिला. ९९! खरा ९९. अंगातला ठणकाही गेला. जिंकले! डॉक्टरच्या नाकावर टिच्चून जिंकले.

कर्ण्यावरून सांगितलं, १८ ला वाररेषा, सगळ्यांना प्रमाणपत्र. वन्संना म्हटलं, "बघा, कागदच मिळणार आहे." त्या हसल्या. हसताना खोकल्या. बराच वेळ.

१५ मार्च

सकाळी आठला दहा कमी. मोरीचं दार अर्धवट उघडं. वन्सं बादलीच्या काठाला धरून खाली बसलेल्या, गालात बर्फाचे दोन खडे, डोळे मिटलेले. हात लावला तर तवा! श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती.

"हे केव्हापासून?"

"तुमच्या आधीपासून." खडे थुंकले. "मला उतरवलं असतं तर तुम्ही एकट्या पुढे गेला असता का? भांडत भांडत मागून आला असता. मग तुमची ती रेघ..."

"तुमच्या भावासारख्याच मठ्ठ आहात!" मी ओरडले. रडलेसुद्धा, पण ते रागाने.

दार वाजलं. वन्संनी माझा पदर धरला. "वहिनी, एकच दिवस. उद्या संध्याकाळी जहाज सुटलं की सांगा."

एक दिवस! तीच शिट्टी ऐकत एक दिवस काढायचा, आणि मग नऊ दिवस पाणी.

दार उघडलं. म्हटलं, "थर्मामीटर ठेव बाजूला. ही बादली आठवडाभर खोटं बोलतेय. डॉक्टरला बोलाव. पळ!"

डॉक्टरने तपासलं. १०३, उजवं फुप्फुस भरलेलं. उद्या उतरवणार. मग मला म्हणतो, "बाई, तुम्ही ठीक आहात. तुम्ही पुढे जाऊ शकता. आम्ही यांची नीट व्यवस्था करू."

"तुम्हाला परवानगी विचारली कुणी?" म्हटलं. दोघींच्या बॅगा भरल्या.

१६ मार्च

इस्पितळ. वन्संच्या नाकात नळी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बंदर दिसतं. पाच वाजता जहाज सुटलं. उभी राहून पाहिलं. पाठ फिरवली नाही. मला काय भीती आहे त्याची!

१७ मार्च

वन्सं ओळखत नाहीत. मला आई समजून हाक मारतात. ओ दिली.

१८ मार्च

इथली डॉक्टरीण माझ्याएवढी, केस पांढरे, भाबडेपणा नाही. म्हणाली, "आजचा दिवस काढला तर आशा आहे."

जहाज आज रेषा ओलांडेल. त्यांना आजचा दिवस दोनदा मिळणार, इथे एक पुरा मिळण्याची मारामार. दिवसभर हात धरून बसले. धमकी दिली आहे, गेलात तर भावाला सगळं सांगेन म्हणून. तोही केव्हाच तिकडे गेलाय, हे नंतर लक्षात आलं.

१८ मार्च

सकाळी ताप उतरला. बर्फाविना. वन्संनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"वहिनी, आज तारीख किती?"

"अठरा."

"आणि काल?"

"अठराच."

लिहिलं आहे. खोडणार नाही.