सातव्या अळंबीचं मूळ

गुरुजी,

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. कारण विचाराल तर नेहमीसारखा अडखळेन. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुका दिसतील. तुम्ही चुकांना लाल शाईने गोल करायचात आणि वही सगळ्या वर्गात फिरवायचात, ते अजून अंगावर येतं.

किहीमच्या अलीकडची आपली एका खोलीची शाळा. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. गणपतीच्या आधी तुम्ही आम्हाला मागच्या टेकडीवर अळंबी आणायला पाठवायचात. गावातल्या बायका अळंबीच्या कालवणात चांदीचा रुपया टाकून बघायच्या, काळा पडला नाही तर खायची. तुम्ही त्यांना अडाणी म्हणायचात. आम्हाला तुम्ही तीन प्रश्न शिकवलेत: वर छत्री कशी, छत्रीखालच्या चुण्या कोणत्या रंगाच्या, आणि जमिनीत काय. वारुळावरच्या चांगल्या अळंबीला खाली लांब मूळ असतं, विषारी पांढरीला वाटी. म्हणून उपटायची नाही, खणून काढायची. उत्तरांप्रमाणे वेगवेगळ्या सुपांत लावायची. "दिसलं ते सांग, वाटलं ते नको," असं म्हणून छडी सुपाच्या काठावर आपटायचात.

एकदा माझं सूप चुकलं. तुम्ही मला टेबलावर उभं केलंत. बाप परागंदा झालेला, आई मामाच्या दारात राबणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "याला मूळ नाही, पान नाही, दुसऱ्याच्या घरात उगवलाय. सांगा पाहू, कोणत्या सुपात टाकू?" पोरं ओरडली, "अळंबीच्या." मीही हसलो. हसलो नसतो तर छडी बसली असती. नंतर शाळेत मला त्याच नावाने हाक मारायचे, मामाच्या घरीसुद्धा.

हरताळकेच्या दिवशी सकाळी तुम्ही सांगितलंत, ज्याच्या सुपात सगळ्यांत जास्त खरी अळंबी, त्याची आज माझ्या घरी शिजेल. मला सहा सापडली. खोताच्या पोरालाही सहाच. सातवी दिसली ती वारुळापासून हातभर लांब, आणि तो पोरगा चढण चढत येत होता. मी उपटली. भोकात पांढरी वाटी राहिली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी. ती मला दिसली, गुरुजी. मी पायाने माती सारली, देठाचा बुडखा विळ्याने छाटला आणि वारुळाची माती फासली.

तुम्ही सुपावर वाकलेले आहात. सहांची मुळं बोटाने मोजता. सातवी उचलता. "हिच्या खाली काय होतं?"

"मूळ होतं, गुरुजी. वारुळात तुटलं."

तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. वर्षभरात एकदाच. तो हात मला अजून जाणवतो.

तुमच्या घरी काकूंनी ती खोबरं-लसूण घालून शिजवली. त्यांचा हरताळकेचा निर्जळी उपास, तुमच्या आयुष्यासाठी. त्यांनी चवसुद्धा पाहिली नाही. पहाटेपासून तुम्हाला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तुम्ही पेज प्यायलात आणि मला बोलावून घेतलंत. तुम्ही विचारलंत, खणलीस की उपटलीस? मी म्हटलं, खणली. तेव्हा तुम्ही काकूंकडे वळलात.

"चौथीतल्या पोराला कळतं, तुला कळत नाही. काय मिसळलंस त्यात?"

"खोबरं नि लसूण, अहो. दुसरं काही नाही."

"खोटं बोलू नकोस." ताट भिंतीवर आपटलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली सारवलेल्या जमिनीकडे पाहत राहिलो.

पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि तुम्ही गेलात. पाणवठ्यावर बायका बोलायच्या, "नवऱ्यासाठी उपास न् नवऱ्याच्या ताटात विख. तिला काय झाला न्हाय तो?" काकूंना कुणी पाणी भरू दिलं नाही. तेराव्याला त्यांचा भाऊ येऊन त्यांना बोर्ली पंचतनला घेऊन गेला. त्या बावीस वर्षांच्या असतील. मी त्यानंतर पुन्हा शाळेत गेलो नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बोर्लीच्या बाजारात त्या भेटल्या. सुपारी निवडत बसल्या होत्या. मला ओळखलं. भावजय घरात त्यांना स्वयंपाकाला हात लावू देत नव्हती, हे त्यांनी हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "ह्यांना तुझं फार कौतुक होतं रे. शेवटी म्हणाले, तो पोरगा खरं सांगतो." मी अर्धा शेर सुपारी घेतली आणि निघून आलो.

गुरुजी, तुम्ही मला टेबलावर उभं केलंत याचा राग मी पुष्कळ वर्षं पुढे केला. त्या आडोशाला बरं वाटायचं. पण काकूंनी मला कधी हाकसुद्धा वाकडी मारली नव्हती.

त्या अजून आहेत. पंच्याऐंशीच्या पुढे. मागच्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, अंथरुणाला खिळल्या आहेत, माणसं ओळखतात. सकाळी इथून गाडी आहे. गेले चार दिवस मी पिशवी भरतो आणि रिकामी करतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. तुमचा पत्ता नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितोय. त्यांचा आहे.

जाऊ की नको, तेवढं लवकर कळवा.