नानांच्या गाडीची घरघर

ती. दादांना सा. नमस्कार,

प्रवासात आखडलेली तुमची कंबर आता सरळ झाली असेल. इथे आम्हा सगळ्यांची मोडली आहे. तुमची बहीण बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घसा ठणठणीत आहे). नाना, म्हणजे माझे सासरे आणि तुमचे वडील, उत्तम आहेत. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

परवा तुम्हाला स्टेशनवरूनच परत फिरवलं, तेव्हा फोनवर अर्धवटच कळलं असेल. झालं असं, की नानांची गाडी (तुमच्या लहानपणचीच, मूळ रंगाबद्दल आता घरात एकमत नाही) गिअर टाकताना दात खाऊ लागली. तुमची बहीण म्हणाली करकर, शेजारी म्हणाले खरखर, आणि मी करंट्याने मेकॅनिकला बोलवायला गेलो असता गॅरेजमधून धाकट्या मेहुणीला फोनवर ओरडून सांगितलं, ‘नानांच्या गाडीला घरघर लागलीय!’ बाजूला पत्रा ठोकत होते. त्या ठणठणाटात गाडी गळाली. नाना आणि घरघर तेवढे पलीकडे पोचले.

संध्याकाळी दोन्ही काका, मावशी आणि सासरच्या मंडळींसकट धाकटी दारात हजर. दार नानांनीच उघडलं. मावशीने त्यांना पाहून जो हंबरडा फोडला, तो आनंदाचा होता की प्रवास फुकट गेल्याचा, हे मला अजून कळलेलं नाही. मग रडायला आलेली माणसं बॉनेटभोवती जमली. थोरले काका म्हणाले तेल संपलंय, धाकटे म्हणाले गिअरबॉक्स गेला, भंगारात द्या. प्रत्येकाने एकेकदा गिअर टाकून पाहिला आणि प्रत्येक वेळी गाडीने दात खाल्ले. शेवटी तुमच्या बहिणीने आवाजाला वैतागून इंजिनच बंद केलं, आणि बंद गाडी सगळे गिअर मुकाट घेऊ लागली! म्हणजे गिअरबॉक्स शाबूत. पेडल तळाला नेलं तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता, म्हणून इंजिन चालू असताना गिअरचे दात घासत होते. सकाळी मेकॅनिक आला, त्याने क्लचची सैल पडलेली केबल आवळली, आवाज थांबला.

आवाज थांबला तशी मंडळीही पांगली. विस्कटलेल्या उशा-चादरी, फुटून अर्ध्याच उरलेल्या कपबशा अशी अवस्था मागे ठेवून गेली. नाना फाटकात उभे राहून बराच वेळ हात हलवत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठीही, आणि कपबशांसाठीही.

घरी सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
बहिणीने वाळीत टाकलेला मेहुणा

ता. क. खरं तर ही गाडी विकून टाकू का, तुमची हरकत नाही ना, एवढंच विचारायला पत्र लिहायला बसलो होतो. आता विचारत नाही.

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात अंगणातून पुन्हा तोच आवाज आला. धावत गेलो. नाना स्टिअरिंगवर बसून, इंजिन सुरू करून, क्लच न दाबताच गिअर ढकलत होते. मला बघून म्हणाले, “थोरल्याला कळव, घरघर लागलीय. आणि या खेपेस त्याला स्टेशनवरून परत पाठवू नकोस.” कशाला लागली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तुम्ही येऊन विचारा.