होडी, हेलिकॉप्टर आणि हिचं ‘चालेल’

६ मे, सोमवार
बर्फ! अडतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या, आणि आता सुट्टी घालवायची ती बर्फ बघत! पोरीनं परस्पर ठरवलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात म्हणून भेट. हिमनदी बघायची म्हणे. फोनवर म्हणाली, “बाबा, आईची फार इच्छा आहे.” मला कधी बोलली नाही ती इच्छा.
जूनमधली टूर कुठल्या प्रकारची घ्यायची ते मी ठरवायचं. बावीस तारखेपर्यंत.

७ मे, मंगळवार
टूरच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथली बाई चुणचुणीत, पण पुटपुटते. म्हटलं, नदी आहे ना? मग होडी द्या, विषय संपला. हसायला लागली. “काका, ही नदी सगळी बर्फाची. हिच्यावर माणसं चालतात.” मग नदी कशाला म्हणायचं? तर म्हणे, सरकते. किती? दिवसाला वीतभर. वीतभर तर आमचा मॅनेजरसुद्धा सरकायचा!
चार प्रकार निघाले. एक पायी — बुटांना खिळे बांधून थेट बर्फावर. दोन होडी — नदीच्या तोंडाशी तळं आहे, त्यात बसून बर्फ लांबून बघायचा. तीन हेलिकॉप्टर. चार गुहा — बर्फाच्या पोटात वाकून शिरायचं. गुहा नको. बंद खोलीत बर्फ मी पगार घेऊन बघितलाय.
पायीवर तर तिथल्या तिथे काट मारली. हिचा डावा गुडघा! जुलैत ऑपरेशन. डॉक्टरनं सांगितलंय — त्यानंतर निसरड्यावर पाय ठेवायचा नाही, कायमचं. तोवर चाला म्हणाला, चालणं चांगलंच. डॉक्टर काय, काहीही बोलतात.

८ मे, बुधवार
ही नळाखाली भांडी घासत होती. विचारलं — होडी? म्हणाली, चालेल.
झालं! बायको असावी तर अशी. लग्न ठरताना मी विचारलं होतं, तेव्हाही एवढंच म्हणाली होती.

१० मे, शुक्रवार
पोरगी म्हणते, होडीत आईला मळमळेल, हेलिकॉप्टर घ्या. हिला विचारलं. मिक्सर चालू होता. हेलिकॉप्टर? — चालेल.
होडी चालेल, हेलिकॉप्टरही चालेल! यातून माणसानं निवडायचं काय? वर डोळे वटारून बघितलं माझ्याकडे. मी काय घोडं मारलं?
हेलिकॉप्टरबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त पायाखाली जमीन असलेली बरी. हे पोरीला सांगायचं नाही.

१३ मे, सोमवार
ही हल्ली सकाळी जिना चढते-उतरते. चार मजले, कठडा धरून. म्हटलं, गुडघ्याचे हाल कशाला? काहीतरी म्हणाली.
खाली मोची भेटला. “काकूंचे बूट झाले. तळ जाड लावलाय, घट्ट पकडेल.” होडीत बसायला घट्ट तळ कशाला? असेल काहीतरी. विचारलं नाही.

१४ मे, मंगळवार
भाजी खारट. कालही होती. दही कालवून खाल्ली.

१६ मे, गुरुवार
पोरीचा फोन. स्पीकरवर. दोघी ओरडून बोलतात, सगळं ऐकू येतं. ही तिला म्हणते, “सांगून सांगून दमले मी. ऐकतच नाहीत!”
मी ऐकत नाही! दहा दिवसांत सात वेळा विचारलं. सातही वेळा चालेल. आणखी किती ऐकायचं?
पोरगी म्हणे, “बाबा, कान दाखवून या.” माझे कान उत्तम आहेत. अडतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढली, एक दिवस दुखले नाहीत. लोकच हल्ली पुटपुटतात.

१८ मे, शनिवार
होडी नक्की केली. फॉर्म भरला. तळं आहे, समुद्र नाही — मळमळायचं काय त्यात?
हिला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली चादर तशीच टाकली. आणि खणखणीत आवाजात — “अडतीस वर्षं डबा घेऊन आले. अडतीस वर्षं दारातून परत पाठवलंत. आता इथेही बर्फ लांबूनच दाखवा!”
खरं आहे. आत बाहेरच्यांना सोडत नसत. गॅस गळायचा, फरशी निसरडी. डबा मी दारात घ्यायचो. ही मान उंच करून माझ्या खांद्यावरून आत बघायची. मी म्हणायचो, काही नाही गं, नुसता बर्फ आहे.
म्हटलं, मग हवंय काय तुला, ते सांग ना!
म्हणाली, “सांगितलंय.” आणि दार लावून घेतलं.
चालेल म्हणायचं आणि वर रुसायचं. कमाल आहे!

२० मे, सोमवार
पोरीनं वेळच घेऊन ठेवली, म्हणून गेलो. कानवाल्यानं डबीएवढ्या बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. म्हणाला, “काका, बारीक आवाज तुमच्याकडून निसटतात. शब्दाचं शेवटचं अक्षर पार गळतं.” म्हटलं, मग लोकांनी शेवटचं अक्षर मोठ्यानं बोलावं! तो काही हसला नाही. कानात मशीन घातलं.
घरी आलो तर भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय. आवाज गेला म्हणून दोनदा दुरुस्तीला दिलं होतं. दुरुस्तीवाला दोन्ही वेळा म्हणाला होता, ठीक आहे. त्याच्याशी भांडलो होतो.

२१ मे, मंगळवार
ही जिना चढून वर आली. धाप लागलेली. म्हटलं, उद्यापर्यंत वेळ आहे, शेवटचं विचारतो — होडी की हेलिकॉप्टर?
बुटांची नाडी सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली —
“चालेन.”
न! ल नाही — न!
टूरवालीला फोन लावला. होडी खोडा. पायी. माणसं दोन.
लग्न ठरताना कान शाबूत होते. तेव्हाचं चालेलच असणार. विचारणार नाही.
टूरवाली म्हणाली, “काका, बूट मात्र चांगले घट्ट तळाचे लागतील.” म्हटलं, हिचे तयार आहेत. माझेच राहिलेत.